शिंगाड्याने परत यावं का?

परवा जेवताना मुलाने, ओंकारने, मोबाइल माझ्या ताटाशेजारी आणून धरला. म्हणाला, "बाबा, तुमच्या वेळचा तो शिंगांच्या टोपाचा गेम होता ना, तो परत येतोय. नवा भाग. लोक नुसते भांडतायत बघा, आधीचा हीरो आणावा की नको म्हणून." मी विचारलं, "आधीचा म्हणजे कोणता? पहिल्या भागातला की दुसऱ्यातला?" तो हसला. "तेच तर भांडण आहे!" मी नाचणीच्या भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तसाच हातात धरून बसलो. बायको म्हणाली, "अहो, खाऊन घ्या. गेमचं एवढं काय मनाला लावून घेता?" तिला काय सांगणार? आमटी गार झाली, एवढं खरं.

त्याच दुपारी काकी घरी येऊन गेली होती. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको, आता पार थकली, पण पाड्यावरून मोखाड्याच्या बाजाराला आली की माझ्याकडे चहाला टेकल्याशिवाय जात नाही. बशीत चहा ओतता ओतता म्हणाली, "किसन येतो म्हणतोय रं या साली बोहाड्याला." किसन तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ. मी तोंडाने म्हटलं, "बरं झालं की!" इतकी वर्षं हा माणूस दिवाळीला आला, लग्नाकार्याला आला, पण बोहाड्याला एकदाही आला नाही. आणि आता येतोय. का येतोय, हे विचारायचं धाडस ना काकीने केलं ना मी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोहाडा म्हणजे आमच्या जव्हार-मोखाड्याकडचा सोंगांचा उत्सव. होळी झाली की गावोगावी सुरू होतो, प्रत्येक गावाचे दिवस वेगळे. पुढे संबळ-पिपाणी वाजते, मागे मशाली धरतात आणि मोठमोठे मुखवटे लावून देव येतात, दैत्य येतात. आमच्या गावात एकेका घराकडे एकेक सोंग आहे. आमच्या घराकडे नरसिंह. लाकडाचा मुखवटा, जीभ बाहेर काढलेली, डोळे असे की लहान पोरं आईच्या पदरात शिरतात. तो घरातल्याच पुरुषाने घ्यायचा. आधी लक्ष्मणकाका, म्हणजे किसनचे वडील, घ्यायचे. मग किसनने घेतला. मग पुन्हा काकांनी. काका गेल्यावर मुखवटा माळ्यावर पडून राहिला, आणि आता काही वर्षांपासून माझा ओंकार घेतो. म्हणजे किसन आला आणि मागितला, तर हक्क कुणाचा? किसनचाच. आणि ओंकारचं काय? ओंकारने होळीपासून पायातल्या चपला सोडल्यात. सोंग घेणाऱ्याने बोहाडा होईतोवर अनवाणी राहायचं ही आमच्या घरची रीत. कॉलेजला अनवाणी जातो, परीक्षेला अनवाणी बसतो. हा तोच मुलगा, जो पाहुणे आले की मागच्या दाराने निघून जातो, वर्गात हजेरीला 'यस सर' म्हणताना ज्याचा आवाज बसतो. मुखवट्यात शिरला की मात्र अख्खं गाव मागे सरतं. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं? की किसनला दारातून परत पाठवायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला विचाराल तर... पण मला विचारूच नका. मला हा प्रश्न एकदा आधीही पडला होता आणि तेव्हाही मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

ते दिवस असेच होते. असाच राबाचा धूर. भाताच्या रोपांसाठी जागा भाजतात आमच्याकडे, पाला-गोवऱ्या पसरून, आणि त्या महिन्यात डोंगरच्या डोंगर निळसर दिसतात. सकाळी मोहाची फुलं वेचायला बाया-पोरी निघायच्या. त्या फुलांचा वास गोड म्हणावा तर गोड नाही, आंबूस म्हणावा तर आंबूस नाही. आणि याच दिवसांत सरकारला परीक्षा घ्यायची हौस. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, किसन बारावीला. जव्हारला एका खोलीत दोघं राहायचो. खोलीत एक स्टोव्ह, एक खाट आणि खाटेवर कुणी झोपायचं यावरून रोजची कुरबूर.

बसस्टँडच्या चढावर एका किराणा दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास होता. चपला बाहेर, पाय पुसून आत. कॉम्प्युटरवर भरतकाम केलेलं कापड आणि शेजारी उदबत्ती. क्लास चालवणारे सर नाशिकचे, कडक, पण क्लास सुटल्यावर त्यांनाच खेळायचा नाद. त्यांनीच कुठून तरी त्या गेमची सीडी आणली. गेम इंग्रजी. आत एक योद्धा, डोक्यावर दोन शिंगांचा लोखंडी टोप, तोंड कधी दिसायचं नाही. त्याचं खरं नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला शिंगाड्या म्हणायला लागलो. शिंगाड्या दरी ओलांडायचा, राक्षस मारायचा, आगीच्या नदीवरून उड्या घ्यायचा. आम्हाला संवाद कळत नव्हते, तेव्हा गोष्ट आमची आम्हीच रचलेली. त्याची बायको हरवलीय असं गण्याचं मत. गण्या म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतला, सगळ्याच गोष्टींत त्याला बायको लागायची. किसनचं मत, शिंगाड्याला कुणी काही सांगितलंच नाहीय, तो आपला निघालाय. आणि शिंगाड्याला ऐन राक्षसाच्या तोंडी दिलं की भारनियमन! पंखा थांबायचा, पडदा काळा व्हायचा, आणि आम्ही सगळे एका सुरात वीजमंडळाच्या नावाने शंख करायचो.

असं करत करत पहिला भाग पुरा झाला. शेवटी शिंगाड्या बर्फात चालत जातो आणि दिसेनासा होतो. बर्फ आम्ही कुणी पाहिलेला नव्हता. गण्या म्हणाला, "कापसात गेला बघ." पण हसला कुणीच नाही. या माणसाला मी माझ्या बोटांनी इतके महिने चालवलं, माझं बोट घसरलं तर तो पडला, मी चुकलो तर तो मेला आणि पुन्हा उठला. आणि आता तो मला न विचारता निघून गेला! चिडलोच मी.

दुसरा भाग आला तो माझ्या परीक्षेच्या तोंडावर. सर सीडी घेऊन आले आणि माझा अभ्यास बसला. सुरुवातीलाच तो शिंगांचा टोप बर्फात पडलेला दिसतो. कुणीतरी येतं, पाठमोरं, सडपातळ. टोप उचलतं आणि डोक्यावर चढवतं. झालं! आम्ही टाळ्या पिटल्या. "आला रे आला, शिंगाड्या आला!" थोडा बारीक झाला होता, पण गण्याने खुलासा केला की बायको सापडली नाही म्हणून खंगला असेल. उड्या आता जास्त लांब मारायचा, तलवार डाव्या हाताने चालवायचा. आम्हाला काहीच खटकलं नाही. कसं खटकणार? आमच्याकडे लहानपणापासून हेच पाहिलेलं. मुखवटा चढला की आत कोण आहे हे विचारायचं नसतं, त्याचं नाव घ्यायचं नसतं. किसनने पहिल्यांदा नरसिंह घेतला तेव्हा काकी, त्याची सख्खी आई, त्याच्या पाया पडली होती. नंतर किसन मला म्हणाला, "दादा, आय माझ्या पाया पडली रे. मला कसंतरीच झालं. पण वाकून उठवता येईना, मी मी नव्हतोच ना."

तर आम्ही कित्येक दिवस त्या दुसऱ्या भागात शिंगाड्याला खेळवत होतो. एक दिवस सर मागे येऊन उभे राहिले, पडद्यावरचं इंग्रजी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अरे गाढवांनो, हा तो नाहीच! तो मेला. पहिल्या भागातच मेला. ही दुसरीच कुणीतरी आहे. मुलगी आहे ती."

गण्या म्हणाला, "मुलगी? आणि एवढी उडी मारती?" मला तर कुणीतरी खिसा कापल्यासारखं झालं. म्हणजे इतके दिवस मी कुणासाठी जीव काढत होतो? किसन मात्र शांत. म्हणाला, "असंल. टोप घातला ना तिनं? मंग शिंगाड्याच तो."

सर म्हणाले, "असं कसं? माणूस महत्त्वाचा की टोप?"

किसन म्हणाला, "सर, तुम्ही टोप घालून बघितलाय कधी?"

सर हसले, आम्हीही हसलो. पण सर तावातावाने बोलत राहिले. पहिल्यालाच आणायला हवा होता, लोकांनी त्याला जीव लावला, उगीच मारून टाकला, नव्याची नवलाई नऊ दिवस. मी त्यांच्या बाजूने. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातसुद्धा एक राजा जातो आणि दुसरा येतो, पण पहिल्याचं दुःख कुणी लिहीत नाही, असं काहीतरी मी बरळलो. परीक्षा जवळ आली की माणसाला असले विचार सुचतात.

संध्याकाळी पुस्तकं घेऊन आम्ही शिरपामाळावर जायचो. वाऱ्यावर बसून वाचलं की डोक्यात राहतं, हा आमचा समज. तिथे महाराज मुक्कामाला होते असं सांगतात, म्हणून बाहेरची माणसं येतात, फोटो काढतात आणि दरीकडे बघून 'वा' म्हणतात. आम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसायचो. वाद चालूच. मी म्हणालो, "किसन, ज्याच्याबरोबर एवढं चाललो, तो परत यायला हवा की नको? तुला त्याचं काहीच नाही?"

किसनने हातातलं पुस्तक मिटलं. "मंग नव्यानं काय करायचं? त्याच्या मागं मशाल धरायची?"

मला वाटलं, गेमचंच बोलतोय. मी म्हटलं, "धरावी की! काय बिघडलं?" खालून राबाचा धूर वर येत होता आणि त्याने डोळे चोळले. धुरानेच चोळले असतील. आता सांगता येत नाही.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण त्याला घरून निरोप आलेला होता. लक्ष्मणकाका परत आले होते. काका काही वर्षांपूर्वी वसईकडे बांधकामावर गेले ते तिकडेच राहिले होते. मधे एकदोनदा आले असतील. बोहाड्याला सुट्टी मिळेना, म्हणून तर सोंग किसनकडे आलं. तिकडे परांचीवरून घसरून पडले, गुडघा गेला, मुकादमाने घरी जा म्हटलं. आले ते लंगडत आणि अर्धं हिंदी बोलत. "टेन्शन नको, चलेगा," असं काकीला म्हणायचे आणि काकी कपाळावर आठ्या घालायची.

त्या रविवारी आम्ही दोघं एसटीने मोखाड्यात आणि तिथून जीपने पाड्यावर गेलो. काका अंगणात बसले होते, पुढ्यात मुखवटा. गुडघा तसा असताना माळ्यावर चढले कसे आणि तो उतरवला कसा, देव जाणे. ओल्या फडक्याने त्याचे डोळे पुसत होते. शेजारी रंगाचे डबे. आम्हाला बघून म्हणाले, "आलात? बसा." आणि पुन्हा पुसायला लागले. जिभेचा तांबडा रंग उडाला होता, तिथे बोट फिरवत राहिले.

किसन उभाच. पायात चपला नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की हा जव्हारला गेले कित्येक दिवस अनवाणीच हिंडतोय आणि मी एवढा शहाणा, मला वाटत होतं चप्पल तुटलीय.

काकी चुलीपुढून बाहेर आली. "विचारा आता एकमेकांला! गावात विचारतायत, सोंग कोण घेणार, बापूस का लेक. दोघं तोंडात मूग धरून बसलेत. नाय ठरत तर मी घेते!" माझे वडील ओट्यावर होते, शाळामास्तर माणूस, ते म्हणाले, "ज्याचं त्याने ठरवावं." असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॉलेजात शिकतो ना! शिकलेल्या माणसाला सगळं कळतं असा आमच्या घरात फार मोठा गैरसमज होता.

मी म्हणालो, "काका, किसनच घेऊ द्या. तुमचा गुडघा..."

किसन ताडकन म्हणाला, "काल तर म्हणत होतास, जुनाच पाहिजे!"

"अरे, तो गेम होता!"

"मंग?"

काका म्हणाले, "कंचा गेम?" आता आली का पंचाईत! पण काकांनी फडकं खाली ठेवलं आणि खरंच ऐकायला बसले. मग मी आणि किसनने मिळून त्यांना सगळं सांगितलं. शिंगांचा टोप, आगीची नदी, बर्फात निघून गेलेला माणूस, टोप उचलणारी पोरगी, सरांचं म्हणणं, किसनचं म्हणणं. काकी पदर तोंडाला लावून हसत होती. काका हसले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "मंग तो पयला मेला का?"

मी म्हटलं, "सर तसं म्हणतात."

"मेलेला बघितला का कुणी?"

"नाही. बर्फातून निघून गेला."

काकांनी मुखवट्याकडे बघितलं. म्हणाले, "मंग काय मेला म्हणता? कामाला गेला असंल."

वडिलांचं वर्तमानपत्र खाली आलं. काका पुन्हा त्या जिभेवर बोट फिरवायला लागले आणि हळूच म्हणाले, "मी बी कामालाच गेलतो. सारं गाव असं बोलतंय का मी मेलोच." तेव्हा मला रडू आलं, लपवत नाही. किसन आत गेला, घुंगरांची माळ घेऊन आला आणि बापाच्या पुढ्यात ठेवली. मग खुंटीखालच्या चपला पायात घातल्या आणि विहिरीकडे निघून गेला. त्याने चपला घातल्या, म्हणजे ठरलं. ज्या मुलाने शिरपामाळावर नव्याची बाजू घेतली, त्याने जुन्याला वाट दिली. आणि जुन्यासाठी भांडणारा मी, तिथे नव्याच्या बाजूने बोललो. हे कसं झालं, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही.

आमचं सोंग तांबडं फुटताना निघतं. मी पेपर देऊन आलो होतो, डोळ्यांत झोप होती. संबळ चढली आणि नरसिंह आला. पूर्वी यायचा तसा नाही आला. लहान पावलांनी आला, एक पाय सांभाळत. उडी घ्यायच्या जागी उडी नव्हती, नुसती मान वर झाली. माझ्या मागे दोन पोरं कुजबुजली, "देव म्हातारा झाला." त्यांच्यापुढची एक म्हातारी मागे वळून म्हणाली, "मुकाट उभे ऱ्हावा. देव आज शांत हाय." कोण खरं? मला दोन्ही खरं वाटलं. काकांना तसं बघून बरं वाटलं आणि किसनची ती उडी आठवून चुटपुटही लागली. एकाच वेळी दोन्ही. माणसाच्या पोटात एवढी जागा कशी असते कळत नाही. किसन सोंगाच्या मागच्या बाजूला होता, त्याचं तोंड मला काही दिसलं नाही.

निकाल लागला, पाऊस पडला, आणि लावणी उरकल्यावर किसन भिवंडीकडे कामाला गेला. गोदामात लागला, तिथेच पुढे मोठा झाला, बायकापोरं झाली. काकांनी पुढे बरीच वर्षं सोंग घेतलं, दर साली थोडं थोडं कमी नाचून. शेवटी तर नुसते उभे राहायचे आणि संबळवाले त्यांच्याभोवती फिरायचे. लोकांनी तेही मान्य केलं. आणि किसन त्या वर्षानंतर बोहाड्याला आला नाही. रजा नाही, माल आलाय, पोराला ताप आहे. दर साली वेगळं कारण आणि दर साली काकी ते कारण सगळ्यांना एकाच आवाजात सांगायची. जुना परत आला, पण नवा गेला! हा हिशोब कुणी मांडला होता? गेमवाल्यांनी तरी मांडला असेल का? आता तिकडे जे भांडतायत त्यांना मला ओरडून सांगावंसं वाटतं, अरे बाबांनो, आणा त्याला, जरूर आणा, पण त्याला उभं करायला जागा कुणाची घेणार ते आधी सांगा. आणि लगेच वाटतं, काका तरी कुठे उभे राहिले असते?

दुसऱ्या भागाचा शेवट आम्ही पाहिलाच नाही. सीडीवर ओरखडा पडला, ती एका पुलावर येऊन अडकायची. ती पोरगी टोप घालून पुलाच्या मधोमध उभी, एक पाय उचललेला. गण्या फुंकर मारून, शर्टाला पुसून सीडी पुन्हा पुन्हा घालायचा. पाय काही खाली येईना.

हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही ओंकारला सरळ सांगा, किसनकाका मागतील तर देऊन टाक." मी म्हटलं, "आणि तो बिथरला तर?" "मग किसनभाऊंना सांगा, पोराचं सोंग आहे, राहू द्या." "आणि तो पुन्हा यायचा बंद झाला तर?" ती उठली. "मग बसा तळ्यात-मळ्यात करत." मी बसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे शिक्के उलटे मारले. साहेब म्हणाले, तब्येत बरी नाही का? काय सांगू, साहेब.

काल संध्याकाळी किसनचाच फोन आला. मी अंगणात आलो.

"दादा, आय बोलली का?"

"बोलली."

"मंग? गप का तू?"

मी इकडचं तिकडचं केलं, पाणी आलं का, उन्हाळा काय म्हणतो. मग राहवेना. म्हटलं, "किसन, ओंकारने चपला सोडल्यात रे."

तिकडे ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "ठाऊक हाय. सोंगासाठी नाय येत मी."

"मग?"

"बघाय येतो. दादा, मी ते कधी पुढून बघितलंच नाय. लहान होतो तवा बाबाच्या मागं, कमरंचं फडकं धरून. मग आत. मग पुन्हा मागं. मी पाठ बघितली न् आतला काळोख बघितला. लोकं ज्याला भितात, ते मी बघितलं कधी? सगळं गाव बघतं, मीच तेवढा राह्यलो."

इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारून टाकलं. "तुला राग आला होता ना? त्या वर्षी?"

"आलताच. लय आलता. बाबाचा नाय, तुझा बी नाय. कुणाचा त्ये अजून नाय कळलं." मग हसला. जुनं, खोलीतलं हसू. "एक कर. ओंकारला सांगू नको मी येणार म्हणून. गर्दीत कुठंतरी उभा राहीन. मी हाय म्हणून कळलं तर पोरगं बुजंल."

मी शब्द दिला. फोन ठेवून वळलो तर ओंकार दारात उभा.

"किसनकाका होते ना? येतायत ना ते बोहाड्याला? आजी म्हणत होती."

म्हटलं, "नाही रे. त्याला रजा नाही. तू कसली काळजी करू नको. सोंग तुझंच आहे."

मला वाटलं, त्याच्या जिवात जीव येईल. त्याचा चेहरा उतरला. अनवाणी पायाने उंबऱ्याशी माती उकरत म्हणाला, "सोंगाचं नाही हो बाबा. मला वाटलं होतं, त्यांनी एकदा समोर उभं राहून बघावं, मला जमतं का."

आणि मी किसनला दिलेला शब्द सांभाळत अंगणात उभा राहिलो.